भुंग्याची सायकल

पोलादाच्या त्या कारखान्यात खनिजाचा एक खडाही येत नसे. यायचं ते सगळं भंगार. मोडक्या गाड्या, गंजक्या टाक्या, पाडलेल्या इमारतींच्या वाकड्या सळ्या, पंखे, पिंपं, कुणाची तिजोरी, कुणाचा पाळणा. ट्रक आत यायचा, वजन व्हायचं, फाळका उघडला की लोकांनी नको म्हणून टाकलेला संसार धडाधड ढिगावर कोसळायचा. त्या ढिगाच्या वर, उंच रुळांवरून पुढेमागे सरकणाऱ्या क्रेनच्या काचेच्या खोलीत क्रेनवाला बसायचा. त्याच्या क्रेनला आकडा नव्हता, एक भलंमोठं गोल चुंबक होतं. कळ दाबली की लोखंड त्याला चिकटायचं, कळ सोडली की सुटायचं. भंगार उचलायचं आणि भट्टीच्या बकेटीत टाकायचं. म्हणायला बकेट, पण तिच्यात एक अख्खी खोली मावली असती. एवढंच काम. ते करता करता त्याचे कानशिलावरचे केस पिकले, पण कामाचा कंटाळा म्हणून कधी आला नव्हता.

कंटाळा न येण्याचं कारण घरी होतं. ते कारण म्हणजे त्याचा मुलगा. सतत काहीतरी गुणगुणत असायचा म्हणून त्याला सगळे भुंगा म्हणायचे. बाप घरी आला की भुंग्याचा पहिला प्रश्न ठरलेला, आज काय वितळलं? मग क्रेनवाला बूट काढता काढता सांगायचा. आज दोन बस. आज एका पुलाचा कठडा. आज शाळेची बाकं, आणि तुझ्या शाळेची नव्हेत, उड्या मारू नकोस. भुंगा प्रत्येक गोष्टीवर पुढचा प्रश्न काढायचा. बसचं पुढे काय होणार, कठडा कुणाच्या घरात जाणार. क्रेनवाल्याला जे ठाऊक नसे ते तो खुशाल ठोकून द्यायचा.

कारखाना बघायला लोक येत, तेव्हा एक इंजिनिअर बाई त्यांना सगळं समजावून सांगत. लोखंड कितीही वेळा वितळवा, त्याचा कस जात नाही. जेवढं भंगार भट्टीत जातं तेवढं खनिज डोंगरातून खोदावं लागत नाही, कोळसा कितीतरी कमी जळतो, पाणी कमी लागतं, धूर कमी होतो. काच उघडी ठेवली की हे सगळं वर ऐकू यायचं. ऐकून ऐकून क्रेनवाल्याला ते पाठ झालं आणि त्यानं ते जसंच्या तसं घरी नेलं. भुंग्यानं त्याहून सोपं केलं. माझे बाबा डोंगर वाचवतात, असं तो शाळेत सांगून आला. वर्गातला एक मुलगा हसला, तर यानं त्याला असा चिमटा काढला की वर्गाच्या बाईंची चिठ्ठी घरी आली. बायकोनं भुंग्याला रागे भरलं. क्रेनवाल्यानंही रागावल्यासारखं केलं आणि मग गॅलरीत जाऊन एकटाच हसत बसला.

असा तो भुंगा. त्याच्या रक्तात काहीतरी बिघडलं. काय बिघडलं त्याचं नाव डॉक्टरांनी सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. नाव कळून काय होणार होतं? दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, मग फेऱ्या संपून तिथंच राहणं झालं. गुणगुणणं आधी बारीक झालं, नंतर थांबलं. आणि एका दुपारी, बाप कामावरून निघून दवाखान्याच्या जिन्यात पोचेपर्यंत, भुंगा गेला.

घरी त्याची सायकल राहिली. निळी, त्याच्या मापाची. बोळासारख्या अरुंद येण्याजाण्याच्या जागेत भिंतीला खुंट्या ठोकून ती टांगलेली होती. जाता येता कुणाचा खांदा लागला की पुढचं चाक आपलं आपण फिरायचं, टिकटिक आवाज व्हायचा, आणि घरातली दोन्ही माणसं जिथं असतील तिथं थांबायची. सायकल उतरवायची असं कुणी म्हणालं नाही. ठेवायची असंही म्हणालं नाही.

एके दिवशी क्रेनवाला कामावरून आला तर भिंतीवर नुसत्या खुंट्या. त्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, सायकल कुठाय. बायको पाठमोरी होती. तिनं सांगितलं, दिली भंगारवाल्याला. क्रेनवाल्याला ओरडावंसं वाटलं. पण तोंडातून आलं ते भलतंच.

"बरं केलंस," तो म्हणाला.

झालं. एवढंच. याहून भांडण परवडलं असतं. भांडण पेटतं आणि विझतं तरी. हे नुसतं धुमसत राहिलं. त्या दिवसापासून घरात कामापुरतं बोलणं उरलं. मीठ दे, दिवा घालव, गॅस संपत आलाय. तिनं न विचारता दिली, भंगारात दिली, हे त्याच्या घशात काट्यासारखं रुतून बसलं. आपल्या पोराची सायकल ही काय फुटकी बादली होती? त्यानं मनातल्या मनात तिला नाही नाही ते ऐकवलं.

पण तो भंगारातला माणूस होता. सायकल भंगारवाल्याकडे गेली म्हणजे ती कुठं येणार हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? भंगारवाल्याच्या गाडीवरून छोट्या दुकानात, तिथून मोठ्या गोदामात, आणि गोदामातून ट्रकनं इथं. सगळ्या गावाचं लोखंड शेवटी त्याच्याच चुंबकाखालून जात होतं. आज ना उद्या सायकल येणार. भट्टीत पडायच्या आधी ती आपल्या डोळ्यांना दिसली पाहिजे, बस्स. मग ती परत मिळवायचं काय ते बघता येईल. आणि नजर चुकून ती एकदा का बकेटीत गेली, की जगातल्या कुठल्याही सळईत ती असेल आणि कुठेच नसेल.

त्यानं दिवसपाळी मागून घेतली, कारण दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळा रंग काळाच दिसतो. सुट्टीच्या दिवशीही काही ना काही सबब काढून तो यार्डात यायचा. आधी तो चुंबक ढिगात खुपसून भरभर उचलायचा. आता डोळ्यांत तेल घालून ढिगाचा एकेक थर बघायला लागला. सायकली यायच्या. किती यायच्या! लाल, काळ्या, रंग उडालेल्या, चाक नसलेल्या, गाडीखाली येऊन घडी झालेल्या. प्रत्येक वेळी त्याचा जीव वरखाली व्हायचा. तो सायकल अलगद उचलून बाजूला मोकळ्या जागेत ठेवायचा, मान वाकवून बघायचा, आणि ती नाही असं दिसलं की परत उचलून बकेटीत टाकायचा. ही कुणा दुसऱ्याच्या पोराची असेल, असं पहिल्या काही सायकलींना मनात यायचं. मग त्याचं त्यालाही काही वाटेनासं झालं.

यार्डाचा मुकादम तोंडानं फाटका होता. त्यानं खालून हाका मारमारून विचारलं, की भट्टी तिकडे उपाशी बसलीय आणि तुम्ही इथं सायकलींचं प्रदर्शन मांडलंय, ते कधी संपणार? भट्टीवरची माणसं म्हणायला लागली, की क्रेनवाल्याचे डोळे गेले. क्रेनवाला ऐकून घ्यायचा. एकदा पाहुण्यांचा घोळका खाली आला आणि इंजिनिअर बाईंनी आपलं नेहमीचं सांगितलं, की लोखंड मरत नाही, एका रूपातून दुसऱ्या रूपात जातं, त्याला शेवट नाही. क्रेनवाल्यानं काच लावून घेतली. बाईंचं काही चुकत नव्हतं. एके काळी हेच शब्द त्यानं किती कौतुकानं घरी नेले होते. पण लोखंडाला शेवट नाही आणि त्याच्या पोराला होता, हे काही केल्या त्याला सहन होत नव्हतं.

घरी बायकोलाही एक नवीनच नाद लागला होता. रोज सकाळी शाळा भरायच्या सुमारास ती पिशवी घेऊन बाहेर पडायची, आणि दुपारी शाळा सुटायच्या वेळी पुन्हा एकदा. आपल्या सुट्टीच्या दिवशी जरा उशिरा यार्डात निघताना त्याच्या हे लक्षात आलं, आणि एकदा आजारी पडून घरी राहिला तेव्हाही दिसलं. जाताना म्हणायची, कोपऱ्यावर जाऊन येते. येताना पिशवी रिकामी, नाहीतर नुसती एखादी काडेपेटी. घरात करमत नाही म्हणून हिंडते, असं त्यानं ठरवून टाकलं. सायकल काढून टाकली, आता हिंडायला मोकळी झाली, असंही एकदा मनात येऊन गेलं. दुःखात माणूस किती वाईट विचार करू शकतो याला काही हद्द नसते.

यार्डात ढिगाच्या पायथ्याशी निवडणारी एक म्हातारी होती. सगळे तिला मावशी म्हणत. चुंबक खाली येण्याआधी ढिगातून तोंड बंद केलेल्या टाक्या हुडकायच्या, कारण तसली टाकी भट्टीत फुटली की बॉम्बच. शिवाय रबर, तांबं, काच असलं जे लोखंड नाही ते वेगळं काढायचं, हे तिचं काम. हातात कायम एक लांब आकडी, डोक्याला फडकं, आणि जिभेला हाड नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती चहाचा पेला घेऊन क्रेनवाल्याशेजारी येऊन टेकली आणि म्हणाली, की दादा, माणूस बाजारात हरवलेलं पोर शोधतो तसं तुम्ही ढिगात बघता, काय हरवलंय ते तरी सांगा. ती बोलून गेली आणि तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली, कारण भुंगा गेल्याचं तिला ठाऊक होतं. पण क्रेनवाल्याला राग आला नाही. इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं सांगितलं सगळं. सायकल, खुंट्या, भंगारवाला, बायको.

मावशीनं विचारलं, "दिसायला कशी होती?"

"निळी. लहान. अगदी हलकी. पोरगा अंगानं बारीक, म्हणून मुद्दाम हलकी घेतली. एका हातानं उचलून जिना चढायचा."

मावशीनं पेला खाली ठेवला.

"एका हातानं? चढायचा?"

"हो. मला तर दोन बोटांवर उचलायची."

मावशीनं आकडी मांडीवर आडवी घेतली. मग हळूच म्हणाली, "दादा, मग ती ॲल्युमिनियमची. ती इकडे कशाला येईल?"

क्रेनवाल्याचा सगळा जन्म चुंबक चालवण्यात गेला होता. चुंबकाला काय चिकटतं आणि काय नाही हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. आणि घरातल्या सायकलीचं त्याच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. ती हलकी आहे याचंच कौतुक. लोखंडात राहून राहून त्यानं सायकल म्हणजे लोखंडच असं धरलं होतं. मावशीनं मग त्याला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगितलं, की ॲल्युमिनियमला भाव जास्त. भंगारवाला असली सायकल अख्खी पुढे देतच नाही, तोडतो. सांगाडा एकीकडे जातो, दुसऱ्या भट्टीत. लोखंडाचं काय उरतं? चेन, पॅडल, एखादा दांडा. तेवढं इकडे येतं, बारीक मालात.

बारीक माल! तो तर क्रेनवाला बघतच नव्हता. खिळे, पत्र्याचे तुकडे, साखळ्या, स्क्रू, असलं सगळं तो मूठ मूठ उचलून बकेटीत फेकत होता, मोठ्या मालासाठी जागा मोकळी व्हावी म्हणून. अख्ख्या सायकलीची वाट बघताना तिचे तुकडे त्यानं स्वतःच्या हातांनी भट्टीत घातले असतील की नसतील, कोण सांगणार?

त्या दिवसापासून मावशी बारीक मालात आकडी फिरवायला लागली. तिनं तसं बोलून दाखवलं नाही. आणि मग एकदा, गोदामातून आलेला बारीक माल ढिगावर रिकामा होत असताना, तिनं खालून हात वर केला. चुंबक थांबवायची ती खूण होती. क्रेनवाला शिडीनं खाली उतरला. तारेनं एकत्र गुंडाळलेली एक मोळी तिच्या पायाशी पडली होती. एक गंजलेली चेन, दोन पॅडलं, आणि निळा रंग दिलेलं चेनवरचं झाकण.

झाकण त्यानं स्वतः केलेलं होतं. भुंग्याची विजार चेनमध्ये अडकून फाटायची, म्हणून कारखान्याच्याच वर्कशॉपमध्ये पत्रा कापून, वाकवून, सायकलीच्या रंगाला रंग मिळवून. कड लागून कापू नये म्हणून त्यानं ती दोनदा दुमडली होती. एरवी कुणी दोनदा दुमडत नाही, एकदाच दुमडतात. क्रेनवाल्यानं त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तिथंच, मालाच्या ढिगात, खाली बसला. भट्टीकडून कुणी बघू नये म्हणून मावशी तिकडे पाठ करून आडवी उभी राहिली.

यार्डातून काहीही बाहेर न्यायला बंदी. खिळासुद्धा नाही. आत आलेलं भंगार आत राहतं आणि भट्टीत जातं, हा नियम फाटकावर मोठ्या अक्षरांत रंगवलेला. मुकादम आरडाओरडा करत आला, झाकण बघितलं, क्रेनवाल्याचा चेहरा बघितला, आणि आल्या पावली परत फिरला. पाळी संपल्यावर तो स्वतः क्रेनवाल्याबरोबर फाटकापर्यंत चालत आला. पहारेकऱ्याला म्हणाला, याच्या पिशवीत डबा आहे, उघडू नकोस. आणि मागे वळून न बघता निघून गेला.

झाकण परत मिळालं म्हणून क्रेनवाल्याला बरं वाटलं असेल, असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. वाटभर त्याच्या डोक्यात एकच चालू होतं, की हे तिच्यापुढे टाकायचं. काही बोलायचं नाही. बघ म्हणावं, तुझ्या हातानं काय केलंस ते. इतके दिवस जे गिळलं ते आज एकदम बाहेर पडू दे. तिनं रडावं असं त्याला वाटत होतं. त्यासाठी झाकण हवं होतं, आणि ते आता पिशवीत होतं.

घरी पोचला तर बायको दारातच उभी. आत आल्यावर तिनं पाणी दिलं, चहा टाकला, आणि चहा झाल्यावर त्याच्यासमोर बसली. ती अशी समोर बसल्याला युगं लोटली होती. क्रेनवाल्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि आत हात घातला.

"मला काहीतरी सांगायचंय," बायको म्हणाली. "तुम्ही रागावाल."

त्याचा हात तसाच पिशवीत राहिला.

ती सांगायला लागली. सायकल तिनं भंगारवाल्याला दिली हे खरं, पण भंगारात नव्हती दिली. दारावरून भंगारवाल्याची गाडी चालली होती आणि गाडीवर त्याचं स्वतःचं पोर बसलं होतं, पाय हलवत. ते बघून तिच्या मनात आलं, की भिंतीवर गंजण्यापेक्षा चाकं फिरू देत. तिनं त्याला हात जोडून सांगितलं, पैसे नकोत, पण ही तोडू नको. एखाद्या मुलाला दे, ज्याला घेता येत नाही अशाला दे. त्यानं देवाशपथ कबूल केलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंस?" क्रेनवाल्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"कशी सांगू? तुम्हाला भंगारातलं सगळं कळतं. तुम्ही म्हणाला असतात, तो तोडणार. मला तेवढंच ऐकायचं नव्हतं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "आणि तुम्ही म्हणालात, बरं केलंस. मला वाटलं, तुम्हालाही ती नकोशीच झाली होती."

मग तिनं दुसरं सांगितलं. रोज सकाळी आणि दुपारी ती शाळेच्या कोपऱ्यावर उभी राहते. शाळेला सायकलवरून जाणारं एकेक पोर बघते. लोकांना वाटत असेल ही बाई वेडी आहे, तर वाटू दे. आणि आज ती दिसली. निळी. एक मुलगी चालवत होती, दोन वेण्यांची, दप्तर पाठीला. झर्रकन गेली, नीट बघता आलं नाही. झाकणाला नवा रंग दिलाय वाटतं. पण तीच असणार. तिला आतून तसं वाटलं.

"उद्या तुम्ही या माझ्याबरोबर," ती म्हणाली. "तुमच्या नजरेला कळेल. तुम्ही म्हणालात, तर माझा जीव भांड्यात पडेल."

क्रेनवाल्यानं पिशवीतून हात बाहेर काढला. रिकामाच काढला. दोघंही एकाच सायकलीसाठी वणवण करत होती, तो मोडक्या मालात आणि ती चालत्या पोरांत, आणि एका घरात राहून एकमेकांना त्याचा पत्ता नव्हता. तिला रडवायला निघालेल्या आपल्या मनाची त्याला भयंकर लाज वाटली. येतो म्हणाला. चहा प्यायला. पिशवी त्यानं आपल्या हातानं, दाराजवळ, उंच जागी नेऊन ठेवली.

सकाळी, पाळीला उशीर झाला तर होऊ दे म्हणत, तो कामाचे कपडे चढवून, पिशवी खांद्याला लावून तिच्याबरोबर निघाला. कोपऱ्यावर एका बंद दुकानाच्या पायरीशी ती रोज उभी राहते ती जागा तिनं दाखवली, आपलं घर दाखवावं तशी. पोरं जायला लागली. चालत, आयांच्या हाताला धरून, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत. बायको टाचा उंच करून बघत होती. मग तिनं त्याचं मनगट घट्ट पकडलं. कित्येक महिन्यांत तिनं त्याला हात लावला नव्हता.

निळी सायकल आली. रस्ता ओलांडायला मुलगी खाली उतरली आणि फुटपाथची कड चढवायला तिनं दोन्ही हातांनी सायकल उचलली. एकदा उचलली, जमलं नाही. दात ओठ खाऊन पुन्हा उचलली, तेव्हा कुठं मागचं चाक वर आलं. क्रेनवाल्याला आणखी काही बघायची गरजच नव्हती. सायकल लोखंडी होती. जुनी, चांगली जड.

"तीच ना?" बायकोनं विचारलं. ती सायकलीकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"तीच," क्रेनवाला म्हणाला.

"नीट बघितलंत?"

"बघितलं. तीच आहे. चांगली ठेवलीय पोरीनं."

बायकोचे डोळे भरून आले आणि ती हसली. हसता हसता रडली आणि रडता रडता म्हणाली, की बघा, तो भंगारवाला शब्दाला जागला, आणि आपण उगाच माणसांना नावं ठेवतो. मुलीनं एकदा मागे वळून या दोन अनोळखी माणसांकडे बघितलं आणि पॅडल मारत निघून गेली. ती दिसेनाशी झाल्यावरही बायको तिथून हलेना. शेवटी म्हणाली, तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुम्हीही येत जा, मला एकटीला किती वेळ उभं राहायचं. क्रेनवाला म्हणाला, येत जाईन.

यार्डात पोचल्यावर तो शिडी चढला नाही. आधी ढिगाच्या पायथ्याशी गेला, पिशवीतून झाकण काढलं आणि बारीक मालात ठेवलं, चेन आणि पॅडलं पडली होती तिथं. बाहेर नेलेलं भंगार परत आणून देणारा माणूस मावशीनं पहिल्यांदाच बघितला असेल. ती आकडीवर भार देऊन उभी होती.

"घरी दाखवलंत का, दादा?" तिनं विचारलं.

क्रेनवाल्यानं मान हलवली. दाखवलं नव्हतं.

"का हो?"

"तिला सायकल सापडली, मावशी," तो म्हणाला. "एक मुलगी चालवते."

मावशीनं त्याच्याकडे बघितलं आणि आकडी उचलून बाजूला झाली. तो वर गेला, काचेच्या खोलीत बसला, चुंबक बरोब्बर तिथं खाली आणलं आणि कळ दाबली.